‘किती खातोस रे!’ म्हणण्याआधी

रात्रीची जेवणे आटोपून तासही होत नाही, तोच स्वयंपाकघरात डब्यांची झाकणे वाजू लागतात. सकाळच्या डब्यासाठी झाकून ठेवलेल्या चार पोळ्या गायब असतात, शेंगदाण्याच्या बरणीचा तळ दिसू लागलेला असतो आणि महिन्याच्या २० तारखेलाच पिठाचा डबा खरवडावा लागतो. घरात तेरा ते अठरा वर्षांचा मुलगा असलेल्या आईला हे चित्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन मुलगे असतील तर विचारूच नका. मग कधी कौतुकाने, कधी वैतागाने आणि महिनाअखेरीला बहुधा वैतागानेच एक वाक्य तोंडातून निघते, ‘किती खातोस रे!’

या वाक्याऐवजी आपण एकदा शांतपणे हिशेब मांडायला हवा, असे मला वाटते. तो मांडला की दोन गोष्टी दिसतात. एक, मुलाची भूक खरी असते आणि थोड्या शहाणपणाने ती घरच्या जेवणातून भागवता येते. दुसरी, काही घरांत कितीही शहाणपण दाखवले तरी पैसे पुरत नाहीत आणि नेमक्या त्याच वयात सरकारी ताटही या मुलांपुढून उचलले जाते.

भूक कुठून येते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये आहाराच्या गरजांचे जे आकडे जाहीर केले, ते पाहा. १० ते १२ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २२२० कॅलरी लागतात. १३ ते १५ या वयात हा आकडा २८६० होतो आणि १६ ते १८ या वयात ३३२०. बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची गरज १६६० धरली आहे आणि बैठे काम करणाऱ्या पुरुषाची २११०. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा आईच्या दुप्पट जेवत असेल, तर ते पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच आहे. अंगमेहनतीची जड कामे करणाऱ्या पुरुषासाठीचा आकडा ३४७० आहे. आपला ‘सतत खा-खा करणारा’ मुलगा त्याच्या फार मागे नाही. अर्थात हे सरासरी आकडे हिंडत्या-फिरत्या मुलासाठी आहेत. दिवसभर बाकावर आणि संध्याकाळी मोबाइलसमोर बसणाऱ्याला एवढे लागणार नाही.

मुलगे साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतात. त्या एका वर्षात उंची आठ-दहा सेंटीमीटरने वाढणे नवलाचे नाही. प्रौढपणीच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग या किशोरवयातच अंगावर चढतो. गंमत अशी, की नवे हाड आणि नवा स्नायू घडवण्यासाठी लागणारी ऊर्जा एकूण गरजेचा अगदी छोटा हिस्सा असते. खरा खर्च होतो तो मोठे झालेले शरीर चोवीस तास चालवण्यावर. टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांच्या अंगावर स्नायू जास्त चढतात आणि स्नायू बसल्या जागीही ऊर्जा खातात. म्हणून उंची वाढण्याचा वेग मंदावल्यावरही, सोळाव्या-सतराव्या वर्षी, भूक कमी होत नाही. लहान घराचे मोठे घर झाले की विजेचे बिल वाढते आणि मग ते वाढलेलेच राहते, तसे हे आहे.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. भूक प्रचंड आहे, तरी वजन उतरते आहे, तहान सारखी लागते, लघवीला रात्रीही उठावे लागते, अशी लक्षणे एकत्र दिसली तर ती ‘वयाची भूक’ समजू नका. तो टाइप १ मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात रक्तातील साखर तपासून घ्या. यात दिरंगाई जिवावर बेतू शकते.

पोट कशाने भरते?

भूक भागवण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग पडणारी वाट म्हणजे पाकिटे. बिस्किटे, नूडल्स, वेफर्स, खारी आणि सोबत गोड थंड पेय. एकेक पाकीट स्वस्त वाटते, पण मैदा आणि साखर झटपट पचतात आणि तासाभरात मुलगा पुन्हा डबे वाजवू लागतो. गोड पेयातल्या कॅलरी तर पोटाला कळतही नाहीत. पोट भरल्याची जाणीव टिकवतात त्या तीन गोष्टी: प्रथिने, चोथा आणि अन्नातले पाणी. भाकरी, उसळ, ताक या साध्या जेवणात त्या तिन्ही आहेत.

प्रथिनांचे नाव काढले की हल्ली घरात पावडरीच्या डब्याची मागणी येते. शेजारचा मित्र व्यायामशाळेत जातो, त्याच्याकडे तो डबा असतो. म्हणून दहा ग्रॅम प्रथिने कशातून किती रुपयांना पडतात, याचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. भाव गावागणिक बदलतील, पण क्रम फारसा बदलणार नाही. सोयाबीन वड्या १४० रुपये किलो धरल्या, तर दहा ग्रॅम प्रथिने तीन रुपयांच्या आत मिळतात. ९० रुपये किलोच्या हरभरा डाळीतून ती चार-साडेचार रुपयांना पडतात आणि १५० रुपये किलोच्या शेंगदाण्यातून सहा-साडेसहा रुपयांना. सात रुपयांच्या अंड्यातून सुमारे बारा रुपये, ६० रुपये लिटरच्या दुधातून अठरा-एकोणीस आणि ४०० रुपये किलोच्या पनीरमधून वीस-बावीस रुपये लागतात. अडीच हजार रुपये किलोची पावडर घेतली तर तीस रुपयांच्या पुढे. शेवटी सगळी प्रथिनेच. दूध आणि अंडी यांचे इतर गुण आहेत, ती परवडत असतील तर जरूर द्यावीत. पण पावडरीवाचून मुलाची वाढ अडते, हा समज मनातून काढून टाका.

शिवाय धान्य आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात. गव्हा-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. आपली थालीपिठाची भाजणी म्हणजे हेच शास्त्र आहे. रोजच्या कणकेत चार वाट्यांना एक वाटी हरभऱ्याचे पीठ मिसळले, तरी पोळी अधिक पोटभरीची होते आणि मुलाला चवीत फरक कळत नाही.

आता चौदा वर्षांच्या मुलाचे दिवसाचे ताट जुळवू. ४०० ग्रॅम धान्य (पोळी, भाकरी, भात, पोहे सगळे मिळून), ९० ग्रॅम डाळी आणि कडधान्ये, ४० ग्रॅम शेंगदाणे, ३०० मिलिलिटर दूध किंवा त्याचे दही-ताक, एक अंडे, दोन केळी, ३०० ग्रॅम भाज्या, सात चमचे तेल आणि थोडा गूळ. यातून सुमारे २८५० ते २९०० कॅलरी मिळतात. प्रथिने ८० ग्रॅमच्या पुढे जातात. या वयाची शिफारस आहे ४५ ग्रॅम. वर सांगितलेल्या भावांनी या ताटाचा खर्च नव्वद रुपयांच्या आसपास येतो, गॅस वेगळा. अंडे चालत नसेल तर मूठभर सोयाबीन वड्या घाला. किनारपट्टीवर सुकट स्वस्त मिळत असेल, तर तीही उत्तम.

ताट जुळले तरी वेळ चुकली तर सगळे फसते. संध्याकाळी पाच ते सात ही खरी कसोटीची वेळ. मुलगा शाळेतून येतो, क्लासला किंवा मैदानावर जायचे असते आणि घरात तयार काही नसते. मग खिशातल्या पैशांत दोन वडापाव आणि एक थंड पेय होते. साठ रुपये तिथेच गेले, म्हणजे घरच्या दिवसभराच्या ताटाचे दोन तृतीयांश! त्या वेळेसाठी एक ‘मोकळा डबा’ ठेवावा, ज्याला कुणाला न विचारता हात लावता येईल. उकडलेले हरभरे किंवा मोड आलेली मटकी, दाणे-गूळ, सकाळच्या पोळीचा कुस्करा, दहीपोहे, पिठाचे धिरडे. यातले बरेच काही चौदा वर्षांच्या मुलाला स्वतः करता येते आणि यायला हवे. ज्याला भूक लागते त्याला कांदा चिरता आला पाहिजे. आईने दिवसातून सहाव्यांदा गॅसपाशी उभे राहणे हा या भुकेवरचा उपाय नव्हे.

तिच्या ताटाचे काय?

मुलाच्या भुकेचे कौतुक करताना त्याच घरातल्या मुलीकडे पाहायला आपण विसरतो. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी जोर धरते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला २४०० कॅलरी लागतात आणि प्रथिने ४३ ग्रॅम, म्हणजे भावाच्या जवळपास बरोबरीने. लोह तर तिला जास्तच लागते. त्याला दिवसाला २२ मिलिग्रॅम, तर तिला ३०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे आढळले. मुलगा मागतो म्हणून त्याला वाढले जाते, मुलगी मागत नाही म्हणून तिचे भागले असे धरले जाते आणि आई उरलेल्यावर निभावते. अंडे एकच असेल तर ते कुणाच्या ताटात जाते, यावरून घराची नीती कळते. पोळ्या ज्याला जितक्या लागतील तितक्या घेऊ द्या. पण डाळ, दूध, अंडे आणि पालेभाजी आधी सगळ्यांच्या ताटात वाढून मगच भांडे पुढे सरकवा. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणालगतचा चहा बंद करा. लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

घराबाहेरचा हिशेब

इथपर्यंतचे सारे सल्ले ज्यांना नव्वद रुपये काढता येतात त्यांच्यासाठी. एका मुलामागे नव्वद म्हणजे महिन्याला २७०० रुपये. महिना पंधरा हजारांवर चालणाऱ्या घरात असे दोन मुलगे असतील, तर एक तृतीयांशाहून जास्त कमाई त्यांच्याच ताटात जाते. मग घरभाडे, बसभाडे, वह्या-पुस्तके आणि बाकीची माणसे? अशा आईला पोषणावर व्याख्यान देणे हा उद्धटपणा आहे. तिला शास्त्र माहीत नसेल, पण कशाने पोट जास्त वेळ भरलेले राहते हे ती आपल्यापेक्षा चांगले जाणते.

इथे सरकारच्या हिशेबाकडे पाहावे लागते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. दिवसाला १६७ ग्रॅम, म्हणजे ५७५ कॅलरींच्या आसपास. दोन वर्षांच्या बाळालाही तेवढेच आणि सतरा वर्षांच्या मुलालाही तेवढेच. डाळ या हक्कात येत नाही.

त्याहून खटकणारी गोष्ट शाळेतली. शालेय पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मिळतो. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. मुलगा नववीत गेला की ताट बंद. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा, म्हणून जेवणही तिथेच संपते. कागदावर हे सुसंगत आहे. शरीराच्या दृष्टीने मात्र उफराटे आहे, कारण भूक सर्वाधिक वाढते ती नेमकी तेव्हाच. शाळा सोडून कामाला लागण्याचा मोह होतो, तेही याच वयात.

हे बदलणे अशक्य नाही. तमिळनाडू आणि शेजारचे कर्नाटक यांनी दहावीपर्यंत शाळेत जेवण दिले आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर, स्वयंपाकी आणि मदतनीस आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आहेतच. अनेक शाळांत नववी-दहावीचे वर्ग त्याच आवारात भरतात. धाकटा भाऊ खिचडी घेऊन बसतो आणि थोरला नळाचे पाणी पिऊन वर्गात परततो, हे दृश्य एकाच व्हरांड्यात दिसते. खर्च वाढेल, हे खरे. पण जी हाडे, जे स्नायू आणि जे रक्त या चार-पाच वर्षांत घडायचे, त्याची भरपाई पुढे कुठल्याही योजनेतून पूर्ण होत नाही. पहिली पायरी म्हणून नववी-दहावीला पोषण आहार लागू करावा, मुलग्यांना आणि मुलींना सारखाच. त्यासोबत रेशनवर किमान एक किलो डाळ द्यावी. पालक सभेत, शाळा व्यवस्थापन समितीत आणि आमदारांच्या दारी ही मागणी आपण लावून धरायला हवी.

तोवर घरात एवढे तरी करू. मुलगा तिसऱ्यांदा डबा उघडेल तेव्हा त्याला टोकू नका. वारंवार टोकलेली मुले लपून खातात किंवा बाहेर खातात आणि दोन्ही महागात पडते. त्याला विचारा, ‘भूक लागली का?’ आणि ‘हो’ म्हणाला तर सांगा, मटकी भिजली आहे, कांदा चीर. आणि हो, बहिणीलाही विचार.