आरोग्य : हृदयातले छिद्र आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "जरा मोठे होऊ द्या, मग बघू." लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात, हे खरे. पण मोठ्या छिद्राच्या बाबतीत थांबणे महागात पडते. का, ते पाहू.

हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे पाठवते, डावी बाजू सर्व शरीराला. मोठ्या माणसाचा शरीरातील वरचा दाब १२० असेल, तर फुफ्फुसातील दाब २५ च्या आत असतो. म्हणून तेथील रक्तवाहिन्या पातळ व मऊ असतात. त्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते. त्याने वाहिनी सैल पडते आणि जादा रक्त सामावून घेते.

खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असले, तर डावीकडचे रक्त उजवीकडे घुसून पुन्हा फुफ्फुसात जाते. नवजात बाळाच्या फुफ्फुसातील दाब सुरुवातीला जास्तच असतो, म्हणून पहिले काही आठवडे त्रास दिसत नाही. मग धाप लागते, दूध पिताना कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. या लोंढ्याने वाहिन्यांचे अस्तर बिघडते. त्या पुरेशा सैल पडत नाहीत, थोड्या कारणानेही आवळतात. हळूहळू त्या जाड व अरुंद होतात.

फसगत होते ती येथे. वाहिन्या अरुंद झाल्या की फुफ्फुसात जाणारे जादा रक्त घटते आणि धाप कमी होते. आईबापांना वाटते, मूल सुधारले! पुढे दाब इतका वाढतो की रक्त उलट वाहू लागते. ओठ, नखे निळी पडतात. व्हिएन्नाच्या डॉ. आयझेनमेंगर यांनी १८९७ साली अशा रुग्णाची नोंद केली. विकाराला त्यांचेच नाव आहे. या अवस्थेत छिद्र बुजवणे जिवावर बेतते. औषधांनी आराम पडतो, पण वाहिन्या पूर्ववत होत नाहीत.

म्हणून मोठे छिद्र बहुधा पहिल्या वर्षातच बुजवतात. तेव्हा दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते, शस्त्रक्रियेसाठीही मदत मिळते. डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा : छिद्र केवढे आहे? फुफ्फुसातील दाब किती आहे? आणि धाप कमी झाली म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका.