भागधारकाला कायदा, नागरिकाला अहवाल

डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव निघाले की मुस्लिम समाजात सच्चर समितीची आठवण कृतज्ञतेने काढली जाते. विरोधक त्याच समितीला लांगूलचालन म्हणतात. मुसलमानांना फार मोठे काही मिळाले, हे दोघेही गृहीत धरतात. खरेच काय मिळाले?

2006च्या अहवालाने आकडे दिले. साक्षरता देशाची 65.1 टक्के, मुसलमानांची 59.1. लोकसंख्येत वाटा 13.4 टक्के, आयएएसमध्ये जेमतेम 3. लांगूलचालनाच्या आरोपाला याहून चोख उत्तर नव्हते. पुढे शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या, त्यांचा अनेक मुलांना उपयोग झाला. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण समितीची कळीची शिफारस होती समान संधी आयोगाची. भेदभाव झाला तर वंचितांना दाद मागता यावी, अशी कायदेशीर जागा. ती केवळ मुसलमानांसाठी नव्हती. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने 2008मध्ये विधेयकाचा मसुदाही दिला. 2014मध्ये सरकार गेले, तोवर आयोग झाला नव्हता.

संस्थेचे मोल सिंग यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? केंब्रिज-ऑक्सफर्डला शिकलेला हा अर्थतज्ज्ञ रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर होता, नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष होता. जून 1991मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. नुसत्या विश्वासावर बाजार चालत नाही, नियामक लागतो, हे त्यांनी ओळखले होते. मग धर्मामुळे किंवा जातीमुळे नोकरी नाकारलेल्या तरुणाने कुणाच्या विश्वासावर राहायचे?

आघाडीची मजबुरी होती, असे त्यांचे चाहते सांगतात. त्याच आघाडीच्या पंतप्रधानाने अणुकरारासाठी डाव्यांचा पाठिंबा गमावला आणि 22 जुलै 2008ला सरकार पणाला लावून विश्वासमत जिंकले. म्हणजे हिंमत होती. ती कशासाठी खर्च करायची, हा प्राधान्याचा प्रश्न होता आणि त्या यादीत आपण खाली होतो.

त्यांचा सभ्यपणा, विद्वत्ता यांचा आदर जरूर करू. पण सच्चरच्या नावाने मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आता एवढेच विचारू: आयोगाचा कायदा कधी करणार?