उपऱ्यांचा दानधर्म

परमुलखांत पोट भरावयास गेलेल्या माणसास एक टोमणा हटकून ऐकावा लागतो : "आमच्या देशांत येऊन खातो, देशाला देतो काय?" या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरानें कधींच दिलेलें आहे.

इ. स. १६५४ सालीं तेवीस यहुदी माणसें ब्राझिलांतून परागंदा होऊन तेथें उतरलीं. त्या वेळीं तें गांव डचांच्या ताब्यांत होतें. तेथील गव्हर्नर स्टायव्हेसंट यांस तीं डोळ्यांसमोर नको होतीं. अखेर १६५५ सालीं डच कंपनीनें त्यांस राहूं दिलें. पण अट अशी घातली कीं, त्यांच्यांतील गोरगरिबांचा भार गांवावर पडूं नये, तो त्यांच्याच जातभाईंनीं उचलावा. म्हणजे दानधर्म ही या लोकांची हौस नव्हती; राहण्याबद्दल वसूल केलेलें तें भाडेंच होतें !

पुढें १८५२ सालीं त्याच शहरांत यहुद्यांनीं आपलें रुग्णालय स्थापिलें. अपघाताचा प्रसंग सोडला तर तेथें परधर्मीयांस सहसा घेत नसत. यास कोणी आपमतलबीपणा म्हणेल. आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या आजाऱ्यास दुसरीकडे आपल्या चालीचें अन्नहि मिळत नाहीं, तो आधीं आपली चूल मांडणारच. परंतु १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत जखमी शिपाई आले तेव्हां त्याच रुग्णालयानें त्यांची शुश्रूषा केली. दार सर्वांस मोकळें आहे हें कळावें म्हणून १८६६ सालीं यहुद्यांचें नांव काढून 'माउंट सिनाय' हें नांव ठेवण्यांत आलें. १८९२ सालीं गरीब यहुद्यांनीं अवघ्या ९५ डॉलरांवर बिनव्याजी कर्ज देणारी संस्था काढली. आज ती धर्म न विचारतां गरजूंस कर्ज देते. सावकाराच्या व्याजानें घरें बुडालेलीं पाहिलेल्या आमच्या शेतकरी वाचकांस या दानाचें मोल निराळें सांगावयास नको.

आमच्या खेड्यांतील मुलेंहि आज परदेशीं आहेत. तीं मंडळें काढतात, गांवच्या देवळास वर्गणी धाडतात, ठीक आहे. पण जेथलें पाणी पितां, तेथल्या भुकेल्या शेजाऱ्याच्या ताटांतहि तुमची भाकरी पडूं द्या. आणि ज्यांच्या दारीं उपरे येतात त्यांस आमचा एकच सवाल आहे : मदत घेतांना देणाऱ्याची जात आड आली नाहीं, मग त्यास पंक्तीस बसवितांनाच ती कां आठवावी ?