फोडायचं की नाही, हे भिंतीला विचारा

‘जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही.’ शिरूर-न्हावऱ्याकडच्या बहुतेक मिस्त्र्यांचं हे ठाम मत. निमोण्यात बाथरूमच्या टाइल्स बदलायचा विषय निघाला की भिंत न बघताच निकाल लागतो: ब्रेकर आणा, विटेपर्यंत उघडं करा. टाइलवर टाइल म्हणजे पोपड्यावर रंग मारणं, असा एकूण सूर. मला तो मान्य नाही.

पहिला आक्षेप असा, की वरची टाइल टिकत नाही, गळून पडते. पडलेल्या टाइल्स लोकांनी पाहिल्या आहेत, ते खोटं नाही. पण त्या कशाने लावल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. साधं सिमेंट कालवून जुन्या टाइलवर थापलं तर ती पडणारच. सिमेंट वीट किंवा गिलावा पकडतं, कारण ते त्याच्या छिद्रांत शिरतं. टाइलच्या चकचकीत थरात पाणीसुद्धा शिरत नाही, तिथे सिमेंट काय धरणार? या कामासाठी पॉलिमर मिसळलेला अ‍ॅडेसिव्ह असतो. पिशवीवर आयएस १५४७७ हा मानक क्रमांक बघावा, आणि ‘टाइलवर टाइल’ या कामासाठी तो चालतो असं लिहिलेलं आहे का तेही. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबणारा माणूस मात्र अ‍ॅडेसिव्ह वापरूनही काम बिघडवतो. दातेरी थापीने पूर्ण पाठ भरलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप वजनाचा. हिशेब करू. पाच बाय सात फुटांचं बाथरूम, सात फूट उंचीपर्यंत टाइल्स, दार वगळून भिंत भरते साधारण १५० चौरस फूट. आठ मिलिमीटरची सिरॅमिक टाइल आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून चौरस फुटाला दोन किलोच्या आत-बाहेर, म्हणजे चारही भिंतींवर मिळून तीनेकशे किलो. जुनी टाइल घट्ट असेल तर ती हे सहज पेलते. उलट तीच भिंत गिलाव्यासकट फोडली तर निघणारा राडारोडा टनाच्या आसपास जातो. तो उचलणार कोण, टाकणार कुठे, हे फोडा म्हणणारे कधी सांगत नाहीत.

आणि फोडण्याने भिंतीचं काय होतं? आपल्याकडे बाथरूमची आतली भिंत बहुधा चार इंची, विटा आडव्या लावलेली. तिला ब्रेकर लावला की पलीकडच्या स्वयंपाकघरातला गिलावा तडकतो, विटांचे सांधे हलतात, खिडकीची चौकट सैल होते. टाइल बदलायला निघालेला माणूस पलीकडची खोलीही रंगवत बसतो.

मग कुठेही लावा, असं म्हणायचं का? दुकानदार तसं म्हणतात. त्यांना माल विकायचा असतो, तेव्हा त्यांचंही ऐकू नये. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइल वाजवावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. अशी एखाद-दुसरी टाइल असेल तर तेवढीच काढून खड्डा भरावा, ओळच्या ओळ पोकळ असेल तर ती भिंत उतरवावी. काळ्या जमिनीवरची घरं उन्हाळ्या-पावसाळ्यात हलतात. टाइलमधून तिरकी चीर गेली असेल आणि ती वाढत असेल, तर वरची टाइलही त्याच रेषेत तडकेल. आणि ओल! पलीकडच्या बाजूला पोपडे धरले असतील तर आधी गळती शोधा. ओल नव्या टाइलमागे कोंडली म्हणून ती थांबत नाही.

विरोधकांचा एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो, तो नळाच्या पाइपांचा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं वाहिलेला जुना लोखंडी पाइप आतून क्षाराने अर्धा बुजलेला असतो. तो भिंतीत ठेवून वर नवी टाइल लावणं शुद्ध वेडेपणा. पण पाइप असतात कुठे? बहुतेक वेळा एकाच भिंतीत, शॉवर आणि नळाच्या. ती एक भिंत उघडा, सीपीव्हीसी लाइन टाका, दाब देऊन तपासा. उरलेल्या तिन्हींनी काय गुन्हा केलाय? निर्णय भिंतीगणिक घ्यायचा असतो, अख्ख्या बाथरूमचा एकदम नाही.

वरून लावायचं ठरलंच तर साबणाचा आणि क्षाराचा थर घासून काढा, धुऊन पूर्ण सुकू द्या, मगच अ‍ॅडेसिव्ह. प्रत्येक भिंत बारा-तेरा मिलिमीटर पुढे येते, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींत मिळून खोली इंचभर अरुंद होते. नळांना एक्स्टेन्शन निपल लागतात, आणि दाराच्या चौकटीच्या पुढे टाइलची कड येते. ही कड कशी झाकणार, हे मिस्त्र्याला काम सुरू होण्याआधी विचारा. जमिनीवर मात्र हा प्रयोग नको. उतार आणि उंबऱ्याची उंची दोन्ही बिघडतात.

राहिला शेवटचा प्रश्न: पुन्हा पंधरा वर्षांनी बदलायच्या झाल्या तर? तेव्हा दोन्ही थर एकदमच उतरवायचे. तिसरा थर चढवायचा नाही.