हे कसलं खूळ?

गेल्या दिवाळीत, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, मी आई-अण्णांना म्हणालो, "मी स्वमग्न असेन, असं मला वाटतं."

अण्णा उसळले, "शाळेत शिकवतोस, कादंबऱ्या लिहितोस, आणि हे कसलं खूळ?"

वाचकहो, पोटापाण्याला लागलेला माणूस स्वमग्न नसतो, हा कुठला न्याय? अमेरिकेत डॉक्टर कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांची हकिकत लिहिली. १९७१ साली त्यांनीच पुन्हा चौकशी केली, तेव्हा त्यांतला पहिला मुलगा बँकेत नोकरीला होता! खूळ मागून लागते, स्वमग्नता जन्माबरोबर येते. पण 'लोक काय म्हणतील' या भयापुढे हा भेद दिसायचा कसा?

आईने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. "म्हणजे फटाके वाजले की माळ्यावर दडायचास, ते त्यामुळे? आणि आम्ही तुला भित्रा म्हणून मारलं रे."