झुंबराची पाठवणी

गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी आमच्या शेगावच्या जुन्या घराची बैठक उतरवावी लागली. तुळया कुजल्या होत्या, धाबे एका बाजूने खचले होते, आणि आणखी एक पावसाळा काढणे धोक्याचे आहे असे अभियंत्याने स्पष्टच सांगितले. भांडीकुंडी, कपाटे, लाकडी बाके यांची वाटणी सहज झाली. प्रश्न उरला तो मधल्या तुळईला टांगलेल्या काचेच्या झुंबराचा. आठ हात, आठ हंड्या, ९६ लोलक आणि मध्ये पितळी दांडा. घेर साडेतीन फूट, उंची चार फूट, वजन ३४ किलो. पुण्याला राहणाऱ्या अक्काने दूरध्वनीवर एवढेच विचारले, “बाबांचं झुंबर मोडीत नाही ना घालणार?” अक्काचे वय आता ऐंशीच्या पुढे. मी म्हणालो, “नाही ग. तुझ्याकडेच पाठवतो.” बोलून तर गेलो; मग रात्रभर झोप लागली नाही.

त्याला कारण होते. हे झुंबर मुळात एकटे नव्हते. त्याची जोडी होती. १९७४ साली बाबांनी दुसरे झुंबर नागपूरच्या काकांकडे पाठविले. सुताराकडून एक भलीमोठी पेटी करवून घेतली, झुंबर अखंडच तीत उतरविले, चहूबाजूंनी गव्हाचे काड आणि कापूस ठासून भरला आणि पेटी खिळ्यांनी ठोकून बंद केली. नागपुरात ती उघडली तेव्हा आत पितळी सांगाडा आणि काचेचा चुरा होता. काका म्हणाले, बांधणीच नीट नव्हती. बाबा म्हणाले, हमालांनी पेटी आपटली. नुकसानभरपाई मागावी तर पावतीवर ‘घरगुती सामान’ एवढेच लिहिलेले, किंमत कोठेच नाही. दोघा भावांत उघड भांडण झाले नाही; परंतु त्यानंतर काका दिवाळीला शेगावी येईनासे झाले, आणि आमच्या घरात ‘नागपूरची पेटी’ हे शब्द कोणी उच्चारीत नसे.

अशी झुंबरे आपल्या वऱ्हाडात आली कशी, हेही थोडे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. कापसाच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि परतीच्या गाड्यांतून विलायती चिजा व्यापाऱ्यांच्या बैठकींत आणि देवळांच्या सभामंडपांत येऊ लागल्या. कलकत्त्याचे प्रसिद्ध पार्श्वनाथ मंदिर, ज्याच्या काचकामाचे आणि झुंबरांचे वर्णन यात्रेकरू आजही घरी येऊन करतात, तेही १८६७ चेच. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर या काचकारखान्याने १८४० च्या दशकातच कलकत्त्याला आपली पेढी थाटली होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात याच ऑस्लरचे २७ फूट उंचीचे, चार टन काचेचे कारंजे मांडलेले होते. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची असून, ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी छतावर हत्ती चढविले होते, अशी कथा सांगतात. आमचे झुंबर ऑस्लरचे आहे असे मी म्हणत नाही. त्यावर कोणताही शिक्का नाही. पण विचार करताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. एवढाले काचसामान समुद्र ओलांडून आले ते अखंड आलेच नसणार. झुंबर ही वस्तू मुळी सुट्या भागांची आहे. ते टांगायचे असते जोडून, न्यायचे असते सोडून. बाबांनी ते अखंड पाठविले, तेथेच खरी चूक झाली होती.

तरीही मी प्रथम सोपी वाट पाहिली. एका पार्सल कंपनीला मापे कळविली आणि दर विचारला. त्यांनी सांगितलेला आकडा झुंबराला बाजारात येईल त्या किमतीहून अधिक होता. मी चकित झालो. ३४ किलोचे झुंबर आणि पेटी मिळून जेमतेम ६० किलो भरले असते. तेव्हा तेथील तरुणाने हिशेब समजावून दिला. पार्सलवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे लावतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि गुणाकाराला बहुधा ५००० ने भागायचे. काही ठिकाणी भाजक याहून लहान असतो, म्हणजे भाडे आणखी वाढते. आमची पेटी झाली असती १२० गुणिले १२० गुणिले १३५. भागाकार येतो सुमारे ३८९ किलो. म्हणजे ३२९ किलो निव्वळ हवेचे भाडे मी भरणार होतो! आणि त्या हवेनेच काचेचा घात केला असता, ते वेगळेच.

मग सुटे करण्याचे ठरले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ज्यांनी मस्तानी महाल पाहिला असेल त्यांना आठवेल, की दिनकर केळकरांनी तो कोथरूडहून सुटा करून आणून तेथे पुन्हा उभा केला. महाल हलविता येतो तर झुंबर का नाही, असे मी स्वतःलाच समजावले. दोन दिवस त्या कामाला दिले. प्रथम छायाचित्रे: टांगलेल्या स्थितीत चारी बाजूंनी, मग प्रत्येक सांध्याची, प्रत्येक वाटीची जवळून. हात आणि तो ज्या खोबणीत बसतो ती खोबण, दोन्हींना एकच क्रमांक दोऱ्याने बांधला. चिकटपट्टी काचेला वा पितळेला लावली नाही. निघताना ती जुना मुलामा घेऊन येते. जुनी झुंबरे हाताने घडविलेली असतात. तिसऱ्या क्रमांकाचा हात सहाव्या खोबणीत बसेलच असे नाही. काचेचा हात जेथे पितळी टोपीत प्लास्टरने बसविलेला असतो तेथे तो उपटू नये, टोपीसकटच फिरवून काढावा. दोन मळसूत्रे गंजून बसली होती. त्यांवर पातळ तेल सोडून रात्रभर थांबलो. सकाळी ती बोटांनी निघाली. घाई केली असती तर तेथेच दोन हात गमावले असते.

बांधताना नागपूरच्या पेटीचे कोडे मला उलगडले. काड आणि कापूस भरताना गच्च वाटतात. पण शे-दोनशे मैलांच्या हादऱ्यांनी दबत दबत खाली बसतात आणि वरच्या बाजूला पोकळी तयार होते. त्या पोकळीत जड पितळ हलू लागले की काच फोडायला बाहेरच्या हमालाची गरज उरत नाही. शिवाय खिळे ठोकतानाचा प्रत्येक घाव आत पोचतो आणि पहारीने पेटी उघडताना पुन्हा तेच. (काडात धान्यकिडे असतात म्हणूनही आमच्या घरात आता ते कोणी वापरू देत नाही.) म्हणून मी काच आणि पितळ एका पेटीत ठेवलेच नाही. प्रत्येक नग आधी कोऱ्या पातळ कागदात गुंडाळला. वर्तमानपत्राची शाई जुन्या काचेच्या घासलेल्या भागात बसते. त्यावर फुग्यांच्या प्लॅस्टिकचे दोन वेढे. पोकळ वाट्यांच्या आतही कागदाचे बोळे भरले. हातांसाठी जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात कप्पे केले, ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवले आणि दोहोंमध्ये सर्व बाजूंनी दोन-दोन इंच फोमच्या पट्ट्या बसविल्या. पितळी दांड्याची पेटी सुतारकाकांनी स्क्रूने बंद केली, एकही खिळा नाही. शेवटी प्रत्येक खोके उचलून हळूच हलवून पाहिले. किंचितही आवाज आला की पुन्हा उघडायचे. एक खोके मला तीनदा उघडावे लागले.

पेटीच्या वजनाबद्दल माझे एक मत झाले आहे. ६० किलोची पेटी कोणी उचलत नाही. ती ढकलतात, लोळवतात, शेवटच्या पायरीवरून सोडून देतात, आणि त्यात दोष पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचा नसतो. १५ किलोचे खोके मात्र तोच माणूस छातीशी धरून नेतो. ‘काच आहे, जपून’ अशी दहा लेबले लावण्यापेक्षा खोके एका माणसाला पेलेल एवढे ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

रस्त्याने पाठवायला तीन नग झाले: दांड्याची लांबट पेटी आणि हात-वाट्यांची दोन खोकी. त्यांचे आकारमानाचे वजन मिळून ७४ किलोच्या आत बसले, ३८९ च्या ठिकाणी. हंड्या आणि लोलक मात्र मी कोणाच्या स्वाधीन केले नाहीत. शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते. शयनयानात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते; खोके १०० गुणिले ६० गुणिले २५ सेंटिमीटरच्या आत असले म्हणजे झाले. त्या मापाने चार-चार हंड्यांची दोन बुटकी खोकी केली, प्रत्येकी ५५ गुणिले ५५ गुणिले २५. शेगावला गाडी फार वेळ थांबत नाही, म्हणून पुतण्याला सोबत घेतले; तो खोकी घेऊन आधी चढला, मी मागून. खालच्या बाकाखाली ती सरकविली आणि पुण्यापर्यंत मी त्या बाकावरून फारसा उठलो नाही.

रस्तेवाहतुकीच्या पावतीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बाबांचे नुकसान येथेच झाले होते. १८६५ चा जुना वाहकांचा कायदा जाऊन आता २००७ चा रस्तेवाहतुकीचा कायदा आहे. त्याखालील नियमांनुसार माल खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. त्याहून अधिक हवी असेल तर माल देतानाच किंमत लिहून, जादा जोखमीचा दर भरून तसे नोंदवावे लागते. म्हणजे स्वस्त भाड्याचा आनंद होतो तेव्हाच आपली भरपाईही स्वस्त होत असते. मी ‘जुने काचेचे झुंबर, सुटे भाग’ असे लिहिले, किंमत लिहिली आणि जादा दर भरला. विमा घ्यायचा असल्यास ‘तुटफूट’ त्यात धरली आहे का, हे लेखी विचारावे. अनेक विमापत्रांत अपघात आणि चोरी यांचा समावेश असतो, पण जुन्या काचेची फूट नेमकी वगळलेली असते.

मधल्या काळात अक्काच्या नातवाने न्यू जर्सीहून सुचविले, की झुंबर तिकडेच पाठवावे. ते शक्य नव्हते, हे येथे नोंदवितो. अनेक कुटुंबांची मुले आज परदेशी आहेत. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याप्रमाणे १०० वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घ्यावा लागतो. आजीच्या पितळी समया घेऊन विमानतळावर जाण्यापूर्वी हे ठाऊक असलेले बरे.

पुण्यात तिन्ही नग पाचव्या दिवशी पोचले. अक्काच्या सदनिकेत पंख्याच्या हुकावर झुंबर टांगायचे नाही, हे मी आधीच बजावले होते. चार-पाच किलोच्या पंख्यासाठीचा हुक ३४ किलोंसाठी नसतो. स्लॅबमध्ये स्वतंत्र हुक बसवून घेतला होता, विजेच्या ताराही नव्या आणवल्या होत्या. सतरंजी अंथरून आम्ही एकेक नग क्रमांकाने मांडला. लोलक ९६ भरले. हंड्या आठ. आणि पाचव्या क्रमांकाची वाटी उलगडली तर तिला काठापासून तळापर्यंत तडा.

माझ्या डोळ्यांपुढे नागपूरची पेटीच उभी राहिली. वाहतूकदाराला सुनवायचे म्हणून फोन हातात घेतला. पुतण्या म्हणाला, “काका, आधी फोटो बघा.” पाहिला. तडा शेगावच्याच छायाचित्रात होता, धुळीने भरलेला, तुळईखाली टांगलेला. मी ते चित्र काढले होते आणि मलाच तो दिसला नव्हता.

अक्का चष्मा सारून बराच वेळ वाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हा माझ्या लग्नातला. मांडवाचा वासा आत आणताना लागला होता. माझ्या हातूनच. बाबांनी पाहिलं, पण बोलले काहीच नाहीत.”

विजेच्या कारागिराने त्या वाटीत दिवा लावू नये असे सांगितले. सात दिवे लागतात.