डबल स्टँड कंपनीने काढला, चेन कोण पुसणार?

लातूर ते नांदेड हे अंतर अहमदपूर-लोहामार्गे साधारण 140 किलोमीटर. दोनदा जाऊन-येऊन झाले की साडेपाचशे किलोमीटर होतात आणि उघड्या चेनच्या गाडीला चेन पुसून ऑइल द्यायची वेळ येते. पावसाळ्यात त्याआधीच, कारण मराठवाड्याची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि मडगार्डपासून चेनपर्यंत घट्ट बसते. काम फार नाही. रॉकेलमध्ये बुडवलेला ब्रश, जुने फडके, 90 नंबरचे ऑइल. पाण्याची बादलीसुद्धा लागत नाही, आणि 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मागचे चाक मात्र जमिनीपासून सुटलेले हवे, हाताने मोकळे फिरणारे हवे.

स्प्लेंडरवाल्याला यात अडचण दिसणारच नाही. तो पट्टीवर पाय देतो, अंगाचा भार टाकतो आणि 112 किलोची गाडी डबल स्टँडवर चढते. खेचायची गरज नसते, भार द्यायचा असतो. म्हणून तर 195 किलोची क्लासिक 350 सुद्धा सडपातळ माणूस एकट्याने उभी करतो. अशा गाडीच्या मालकाने घरी काम करायला वेगळा स्टँड विकत घेणे म्हणजे निव्वळ हौस.

खरा प्रश्न पोरांच्या गाड्यांचा. चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक 2012 मध्ये बाजारात आली ती फक्त साइड स्टँड घेऊन, आणि तिच्यानंतर त्याच वाटेने अनेक गाड्या आल्या. वजन कमी होते, खाली सायलेन्सरला जागा मिळते, वळणावर काही घासत नाही, ही कारणे शर्यतीच्या ट्रॅकवर पटण्यासारखी आहेत. औसा रोडवर ट्यूशनला निघालेल्या मुलाला त्यांचा काय उपयोग? केंद्रीय मोटार वाहन नियम 123 ने मागे बसणाऱ्यासाठी हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाला निम्मे झाकण सक्तीचे केले आहे. डबल स्टँड मात्र कंपनीच्या मर्जीवर. निदान जादा पैसे घेऊन तरी तो बसवून मिळावा, आणि ज्या गाडीला तो बसतच नाही तिच्याबरोबर शोरूमने मागचे चाक उचलणारा वेगळा स्टँड दाखवावा. सीट कव्हर आणि क्रॅश गार्ड दाखवण्यात तिथे कधी कंटाळा केला जात नाही.

हा स्टँड म्हणजे पॅडॉक स्टँड. दीड-दोन हजारांपासून पुढे मिळतो. त्याचे दोन प्रकार. एकात स्विंगआर्मला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याला, बॉबिन नावाच्या गुंड्या बसवून त्याखाली स्टँडची खोबणी अडकवतात. पकड पक्की, पण त्यासाठी स्विंगआर्मला आट्याचे भोक लागते आणि बॉबिन 6, 8 की 10 एमएमची हे गाडीनुसार बदलते. दुसऱ्यात एल आकाराचे रबरी पॅड स्विंगआर्मला खालून टेकतात. ट्रॅकवरची मंडळी पहिला घेतात. घरासाठी दुसराच बरा, कारण रुंदी कमी-जास्त करता आली की तो शेजाऱ्याच्या गाडीलाही चालतो.

एमआयडीसीतल्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा स्टँड करून घ्यायलाही हरकत नाही. तिथली माणसे नांगर-वखर दुरुस्त करतात, त्यांना हे जड नाही. फक्त दांडा लांब हवा, म्हणजे जोर कमी लागतो. स्टँडची दोन्ही चाके एका रेषेत हवीत, आणि रबर नुसते चिकटवलेले नको, बोल्टने आवळलेले हवे.

जमिनीकडे कुणी बघत नाही. उताराच्या अंगणात किंवा मातीत छोट्या चाकांचा स्टँड रुततो, घसरतो. शहाबादी फरशी किंवा कोबा सपाट असेल तरच तो वापरावा. पहिल्यांदा लावताना दुसरा माणूस गाडी धरायला हवा आणि गाडी उतरवण्याआधी साइड स्टँड उघडलेला हवा. पुढचे चाक काढायचे असेल तर आधी मागचा स्टँड, मग पुढचा.

एक सवय मात्र कोणत्याही स्टँडवर जीवघेणी आहे. चाक उचलले की काही जण इंजिन चालू करतात, पहिला गिअर टाकतात आणि फिरत्या चेनला फडके लावतात. फडक्याचा धागा दातऱ्यात अडकतो आणि पाठोपाठ बोटे आत जातात. ती तिथेच तुटतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, चावी खिशात, आणि चाक हाताने फिरवायचे. पाच-सात मिनिटे जास्त लागतील.

ट्यूशनच्या मुलांच्या एका वसतिगृहाखाली अशा दहा-पंधरा गाड्या सहज उभ्या असतात. प्रत्येकाने स्टँड घ्यायचे कारण नाही. सगळ्यांत मिळून एल पॅडचा एक घेतला, पार्किंगच्या भिंतीला टांगला, तर माणशी दीड-दोनशे रुपयेही पडणार नाहीत.